चौलची ओली सुपारी

अलिबागकडे जाऊन आलो म्हटलं की साताऱ्यातली माणसं आधी समुद्राची चौकशी करतात. समुद्र मी एकदाच पाहिला, रेवदंड्याला चपला घ्यायला गेलो तेव्हा, आणि तोही जाता जाता. बाकीचा सगळा वेळ चौलला पोफळींच्या सावलीत गेला. या वयात, गुडघे असे झालेले असताना, मी तिकडे हवा खायला गेलो नव्हतो. एक गोष्ट थांबवायला गेलो होतो, आणि ती मीच सुरू केली होती.

मी नोकरीभर औषधी वनस्पती शिकवल्या. जंतांवरची देशी औषधं हा माझा खास विषय. वावडिंग, पळसाच्या बिया, डाळिंबाच्या मुळाची साल, पपईच्या बिया. यांत जंतांना त्रास देणारी द्रव्यं असतात, हे काही खोटं नाही. पण द्रव्य सापडलं म्हणजे औषध सापडलं असं होत नाही. कोणत्या जंतावर, किती, कुणाला, आणि घेणाऱ्याचं पुढे काय होतं, हे सगळं पाहावं लागतं. वर्गात मी हे दर वर्षी सांगायचो. चौलला सांगितलं नाही.

डिसेंबरात विनायकचा फोन आला. तरुणपणी मी ज्या अण्णांच्या वाडीत मुक्कामाला होतो, त्यांचा हा मुलगा. अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. "सर, तुम्ही हयात आहात हे कळलं आणि इतका आनंद झाला म्हणून सांगू," तो म्हणाला. त्याने वाडीत पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आहेत, जानेवारीत तो वाडीचा उत्सव भरवतो, आणि यंदा त्याला माझा सत्कार करायचा होता. मी नाही म्हणणार तेवढ्यात तो म्हणाला, "तुमची जंताची सुपारी अजून चालू आहे, सर. दर अवसेला. आमच्या आळीतली मुलं अंगणवाडीतली गोळी घेतच नाहीत. सुपारीच घेतात."

हे तो अभिमानाने सांगत होता. मला वाटत होतं, गाव ते केव्हाच विसरलं असेल. निवृत्तीनंतरची माझी सगळी झोप त्या समजुतीवर चाललेली होती.

अलिबाग

विनायक एसटी स्टँडवर गाडी घेऊन आला होता. चाळिशीचा, गोरा, अण्णांसारखाच बोलघेवडा. अलिबाग मला ओळखू आलं नाही. कोर्टाच्या बाहेर काळ्या कोटांची तीच गर्दी होती, पण पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मुंबईकरांच्या बंगल्यांच्या भिंती, आणि भिंतींआड कुत्री. विनायक एकेक बंगला कुणाचा ते सांगत होता. मी हं हं करत होतो.

चौलच्या अलीकडे वळणावर त्याने गाडी थांबवली. "बघा तरी."

दोन माडांना बांधलेला भलामोठा फलक होता. त्यावर माझा तिशीतला फोटो, केस असलेला. अण्णांच्या आल्बममधून काढला म्हणे. फोटोखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: लागली तर जंतांना लागली!

देशावरच्या वाचकांना याचा अर्थ सांगायला हवा. ओली सुपारी खाल्ली की नवख्याला दरदरून घाम फुटतो, छाती भरून येते, डोकं गरगरतं. त्याला सुपारी लागली म्हणतात. आमच्याकडे तबकात वाळलेली खांडं असतात, म्हणून हा अनुभव थोड्यांना. कोकणात लहान पोरालाही माहीत असतं. लागली की पाणी पाजतात आणि आडवं करतात.

त्या काळी चौलच्या वाड्यांत काम करणाऱ्या माणसांत अंकुशकृमी फार होता. सावलीतल्या ओल्या मातीत त्याच्या अळ्या जगतात, अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात, आणि पुढे जंत आतड्याला चिकटून रक्त पितो. माणसं पांढरीफटक पडलेली असायची, रहाटाजवळ दम खात बसलेली दिसायची. यावर उपाय दोनच: गोळी आणि पायात चपला. मी हेच सांगायला गेलो होतो. पण देवळासमोरच्या पटांगणात व्याख्यान ठेवलेलं, समोर सगळे वाडीवाले, आणि ओळख करून देताना अण्णांनी माझी एवढी स्तुती केलेली, की उठून चपला घाला म्हणणं मला फारच किरकोळ वाटलं. मी म्हणालो, औषध तुमच्याच वाडीत आहे. सुपारीत अ‍ॅरेकोलिन नावाचं द्रव्य असतं, त्याने जंत लुळा पडतो आणि आतडं सोडतो, असं मी सांगितलं. हे पुस्तकातलंच होतं. पुस्तकात ते कुत्र्याच्या पोटातल्या पट्टकृमीबद्दल, म्हणजे फितीसारख्या वेगळ्याच जंताबद्दल होतं. कुत्रा मी गाळला, आणि पट्टकृमीच्या जागी नुसतं जंत म्हणालो.

मग मला प्रात्यक्षिकाची हौस आली. वाडीत काम करणाऱ्या पार्वतीबाईंनी आपला सात वर्षांचा जनू पुढे केला. मी त्याला गुळाबरोबर ओल्या सुपारीचं खांड चावायला दिलं. थोड्याच वेळात पोर घामाने निथळलं आणि झोकांड्या खाऊ लागलं. लोक म्हणाले, लागली, त्याला लागली, पाणी आणा. मी हात वर करून त्यांना थांबवलं आणि म्हणालो, "त्याला नाही. लागली तर जंतांना लागली."

टाळ्या पडल्या. पार्वतीबाई रडता रडता हसल्या. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात.

बाकीच्या आयांनीही मग अवसेला मुलांना सुपारी दिली. महिन्याभराने त्या मुलांच्या शौचाची तपासणी केली. काडीचा फरक नव्हता. मी ते निकाल कुठे छापले नाहीत आणि चौललाही कळवले नाहीत. अण्णा दर दिवाळीला सुपारीचं पार्सल पाठवत राहिले. मी आभाराचं कार्ड पाठवत राहिलो.

वाडीत

दुसऱ्या दिवशी विनायकने वाडी दाखवायला नेलं. वाडी मात्र तशीच होती. उन्हाचे कवडसे, विड्याच्या पानांचे वेल चढलेल्या पोफळी, पाटातून झुळझुळणारं पाणी. रहाट जाऊन पंप आला एवढंच. सुपारी उतरवायचा हंगाम होता. केशरी घोस दोरीवरून सरसर खाली येत होते.

पाट ओलांडताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी एका पायावर बगळ्यासारखा उभा राहिलो. "अनवाणी चला ना सर," विनायक म्हणाला, "माती कशी गार आहे बघा. मुंबईचे लोक मुद्दाम अनवाणी फिरतात इथे." त्या मातीत काय असतं ते मी त्याला सांगू लागलो, पण त्याचा फोन वाजला. मी रुमाल फाडून अंगठा बांधला.

तेवढ्यात समोरून एक म्हातारासा माणूस गळलेली झावळी ओढत आला. झावळीच्या रुंद बुडख्यावर, ज्याला विरी म्हणतात त्यावर, चार वर्षांची मुलगी बसली होती आणि बैल हाकावा तशी त्याला हाकत होती. मला पाहून तो थांबला.

"वळखलात न्हाय, सर?"

दात न उघडता बोलला. मला वाटलं, चिडून बोलतो आहे. पण त्याचे डोळे हसत होते. त्याने पुन्हा तसंच, मिटल्या दातांतून सांगितलं: "जनू. पारूबायचा."

हा माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. माझ्याहून थकलेला दिसत होता. तोंड उघडतच नाही, गाल आतून दोरखंडासारखे झालेत, भात कालवून पातळ करून ओठांतून ओढावा लागतो, हे त्याने असं सांगितलं की जणू शेजाऱ्याची तक्रार सांगतो आहे. अलिबागच्या डॉक्टरने सुपारीने झालं म्हणून सांगितलं होतं.

"त्यानं इचारलं, सवय कुणी लावली," जनू म्हणाला. "मी म्हटलं, कालेजातल्या सरांनी. तो म्हनला, गंमत करता का. मी म्हटलं, तोंड हे असं, गंमत कुठनं करू?"

विनायक फोनवर बोलत बोलत पुढे गेला होता, ते बरं झालं. मी जनूला विचारलं, दर अवसेला एकच खांड ना? तो म्हणाला, "आईनं अवसेला दिली. मंग अवसेची वाट कोन बगतंय?"

मुलीचं नाव ओवी. जनूची नात. मी तिचा हात हातात घेऊन तळवा पाहिला. पोफळीच्या विरीच्या आतल्या बाजूसारखा पांढरा. पाय अनवाणी, बोटांमध्ये चिखल. तिची आई रेश्मा, जनूची सून, विनायकच्या पाहुण्यांचा स्वयंपाक करते. ती भाकरीचं पीठ हाताला तसंच घेऊन आली आणि वाकून नमस्कार केला. उद्याच्या अवसेची पहिली सुपारी ओवीला माझ्या हातून द्यायची, असं विनायकने ठरवलं होतं. पारूबाई, जनू, ओवी, असं त्याला स्टेजवर सांगायचं होतं.

"आधी दिली आहे का हिला?" मी विचारलं.

"तर. तिसरं लागल्यापासून," रेश्मा म्हणाली. "आता तर मागून घेती. मागल्या वेळी अंगणवाडीच्या बाईंनी गोळी आणली होती, मी परत केली. दोन दोन औषधं कशाला?"

मी जनूकडे पाहिलं. तो झावळीचं पान सोलत होता. त्याला डॉक्टरने सांगितलं होतं, आणि तरी त्याने नातीला दर अवसेला सुपारी दिलेली पाहिली होती. मी ते त्याला विचारलं, जरा कठोरपणेच. तो म्हणाला, "डाक्टर माज्या तोंडाचं बोलला, सर. जंताचं तुमी बोललेलात."

पोपटी

संध्याकाळी विनायकने माझ्यासाठी पोपटी लावली. आमच्याकडे हुरडा, तशी इकडे थंडीत पोपटी. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, मग वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला, आणि मडकं उपडं ठेवून भोवती जाळ. पाणी नाही, तेल नाही. पाल्याचा तिखटकडू वास शेंगांत उतरतो. फार चांगली लागते. मी मोजक्याच शेंगा खाल्ल्या.

विनायकला मी सगळं सांगितलं. कुत्रा, पट्टकृमी, महिन्याभरानंतरचे निकाल, जनूचं तोंड. तो नीट ऐकत होता. मग त्याने माझ्या पानात अंडं सोलून ठेवलं आणि म्हणाला, "सर, जनूभाऊ दिवसभर खायचा. नुसती सुपारी नाही, तंबाखू पण. महिन्यातून एका खांडाने काय होतंय?"

महिन्यातून एका खांडानेच दिवसभराची वाट दाखवली, असं मी म्हणालो.

"लोकांना आवडतं हो ते. आमचं काहीतरी आहे असं वाटतं. अण्णा शेवटपर्यंत तुमचं नाव घ्यायचे." तो शेंगा सोलू लागला. "उद्या छोटंसंच बोला. सायन्स फार नको."

मला अण्णांचा राग आला, मग त्याचा आला. शेवटी ज्याचा यायला हवा होता त्याचा आला.

रेवदंडा

सकाळी रिक्षा करून रेवदंड्याला गेलो. माझ्यासाठी चपला घेतल्या, आणि ओवीसाठी अंदाजाने एक लाल जोड. दुकानदाराने विचारलं, नातीला का? मी हो म्हणालो. परत येताना रिक्षावाल्याने मुद्दाम किनाऱ्यावरून नेलं. ओहोटी होती. काळपट वाळू, जाळी झटकणाऱ्या दोन बायका, आणि लांबवर मागे हटलेलं पाणी. इथे लोक सुट्टी घेऊन येतात, याचं मला नवल वाटलं.

मांडवात

मांडव वाडीतच होता. पुढे गाव, मागे खुर्च्यांवर मुंबईचे पाहुणे. शाल झाली, नारळ झाला. विनायकने जुनी गोष्ट सांगितली, आणि ते वाक्य आलं तेव्हा गावाने ते त्याच्याबरोबर म्हटलं. मग रेश्मा ओवीला घेऊन वर आली. माझ्या हातात वाटी दिली. गुळाच्या पाण्यात भिजवलेली ओल्या सुपारीची खांडं.

मी काही म्हणायच्या आधीच पोरीने आ केला. फिकट जीभ, आणि दुधाच्या दातांवर तांबूस डाग. ती वाटीकडे बघत होती.

मी वाटी टेबलावर ठेवली आणि माइक घेतला. मी म्हणालो, "ही सुपारी तुमच्या जंतांवर चालत नाही. तेव्हाही चालली नव्हती. मला ते महिन्याभरात कळलं होतं, आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. तोंडाला मात्र ती काय करते ते जनूकडे बघा. मुलांना अंगणवाडीतली गोळी द्या. वाडीत जाताना चपला घाला."

मागून कुणीतरी म्हणालं, "चपला घाला सांगायला साताऱ्यावरनं आले." थोडं हसू पसरलं. मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली. जनूच्या आईच्या वयाची नसेल, पण त्या दिवशी पटांगणात असावी.

"मंग त्या पोराला घाम का फुटला व्हता?"

"सुपारी लागली होती," मी म्हणालो. "तुम्ही सगळे म्हणत होता तेच खरं होतं."

"आमी पानी आनत व्हतो," ती म्हणाली, "तुमी हात वर केलात." आणि खाली बसली.

विनायकने हलकेच माइक काढून घेतला. सर आता थकलेत, मोठी माणसं स्वतःकडे नेहमी कमीपणा घेतात, असं काहीतरी तो बोलला आणि त्याने टाळ्या वाजवल्या. लोकांनीही वाजवल्या. पहिल्या वेळेइतक्याच.

तेव्हा जनू वर आला. विनायकला वाटलं, आभार मानायला आला असेल, म्हणून त्याने माइक पुढे धरला. जनू बोलला, पण मिटलेल्या दातांतून आलेलं बोलणं माइकमध्ये डब्यातल्या माशीसारखं घुमलं. पाहुण्यांतली दोन मुलं हसली. मग जनूने बोलणं सोडलं. ओठ फाकवले आणि उजव्या हाताचं एक बोट दातांवर ठेवून आत ढकलून दाखवलं. गेलं नाही. पुन्हा ढकललं. नंतर त्याने ओवीला उचललं आणि खाली उतरला. ती सुपारीसाठी हात पसरून रडत होती.

रेश्मा क्षणभर वाटीपाशी उभी राहिली, मग त्यांच्यामागे गेली.

इथे ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण बाकीच्या आया रांगेत उभ्याच होत्या. त्यांतल्या दोघीतिघी मुलांना घेऊन निघून गेल्या. उरलेल्या पुढे सरकल्या आणि त्यांनी आपापल्या हातांनी खांडं उचलून दिली. माझ्यासमोर वाटी रिकामी झाली. एका मुलाला घाम फुटला, आणि कुणीतरी ते वाक्य म्हटलं. मी ओरडून पाणी मागितलं. पाणी आणलं, ते मलाच प्यायला दिलं.

नाक्यावर

सकाळी चहा दाराशी ठेवलेला होता. विनायक कामात आहे, असं सांगण्यात आलं. पिशवी घेऊन मी चौलनाक्यावर चालत आलो. वळणावरच्या फलकातून माझा फोटो चौकोनी कापून काढला होता. त्या भोकातून मागचा माड दिसत होता. वाक्य ठेवलं होतं.

अलिबागची बस यायची होती. तेवढ्यात रेश्मा आली, ओवीला कडेवर घेऊन, आणि मागून जनू. ओवीच्या पायात मी काल दिलेल्या लाल चपला होत्या, एक बोटभर मोठ्या. रेश्माने पोरीला माझ्यासमोर उभं केलं. डोळे सुजलेले होते. रात्री सासऱ्याशी किंवा नवऱ्याशी बोलणं झालं असावं, मी विचारलं नाही.

"हिचं तोंड बघा," ती म्हणाली. "झालंय का सुरू?"

मी डॉक्टर नाही, हे आधी सांगितलं. अलिबागला दाखवून घ्या म्हणालो. एक साधी ओळख मात्र सगळ्यांना करता येते: आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालून बघायची. मी ओवीला करून दाखवलं. तिला तो खेळ वाटला. तिने तीन बोटं जुळवली, आ केला आणि बोटं सरळ आत घातली. वर चौथंही घालायला निघाली.

"जातात," मी म्हणालो. "आत्ताच थांबवलंत तर बरं."

रेश्माने पदराने पोरीची बोटं पुसली. "गोळी कडू असती?"

"गोड असते. चघळायची असते."

"आणि अवसेला सुपारीसाठी रडली तर?"

"रडू द्या."

तिने मान डोलावली. माझे आभार मानले नाहीत, नमस्कारही केला नाही, आणि ते योग्यच होतं. बाकीच्यांच्या घरी जाऊन सांगाल का, असं मी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते काम तिच्यावर टाकायचा मला काय अधिकार होता? परत आल्यावर मी तालुक्याच्या आरोग्य खात्याला आणि त्या अंगणवाडीच्या बाईंना सगळं लिहून कळवलं आहे. अजून कुणाचं उत्तर नाही.

ओवी मात्र खेळात रमली होती. तिने आईच्या तोंडात बोटं घालून पाहिली. मग जनूकडे गेली. तो तिच्यासाठी उकिडवा बसला. तिने तीन बोटं लावली, ती गेली नाहीत. दोन लावली. मग करंगळी लावली, ती पेरभर गेली आणि अडकली. तिने ती ओढून काढली आणि त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून नीट पाहिला.

"आज्या, तुजं तोंड का बंद हाय?"

जनू माझ्याकडे न बघता, मिटल्या दातांतून म्हणाला, "सरांना इचार."

ती चपला फटफटवत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी पिशवी खाली ठेवली आणि गुडघे सांभाळत तिच्या उंचीवर बसलो. चार वर्षांच्या मुलीला कळेल अशा शब्दांत ते सांगायला मला इतका वेळ लागला, की तेवढ्यात अलिबागची बस आली, थांबली आणि निघून गेली.